डॉक्टर, गोळीसोबत दोन वाक्यं पण द्या : फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

नमस्कार डॉक्टर,

हे पत्र कुणा एकाला नाहीये. ताप, सर्दी, खोकला, जुलाब, घसा, अंगाला सुटलेली खाज असल्या रोजच्या दुखण्यांसाठी आम्ही ज्यांच्याकडे पहिल्यांदा येतो त्या सगळ्या जनरल प्रॅक्टिसवाल्या डॉक्टरांना आहे. मोठमोठ्या स्पेशालिस्टांना मुद्दाम लिहीत नाहीये, कारण त्यांच्यापर्यंत आम्ही पोचतो तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, औषधांच्या धंद्याशी काडीचा संबंध नाही. घरातल्या लहानथोरांच्या गोळ्यांचा हिशोब माझ्याकडे असतो आणि घरात आलेलं औषध नक्की काय करतं ते वाचून काढायची मला खोड आहे, एवढ्याच भांडवलावर लिहितेय.

तक्रार सरळ आहे. तुम्ही औषध देता, पण ते कशावर देताय, किती दिवस त्रास चालणार आणि कधी घाबरायचं हे सांगत नाही. आणि मला असं वाटायला लागलंय की अँटिबायोटिकचा जो काही गोंधळ झालाय आणि लसींबद्दल लोकांच्या मनात जी धाकधूक आहे, त्या दोन्हीच्या मागे हेच न सांगणं आहे.

साधं उदाहरण घ्या. नाक गळतंय, घसा खवखवतोय, थोडा ताप आहे. तुम्ही तपासता, "व्हायरल दिसतंय" म्हणता आणि त्याच कागदावर तिसऱ्या नंबरला एक अँटिबायोटिक, अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहिता, रोज एक, तीन दिवस. आम्ही गप घेतो. पण घरी आल्यावर प्रश्न पडतोच ना की व्हायरल आहे तर हे कशाला? पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं बॅक्टेरियाला त्याची बाहेरची भिंत बांधू देत नाहीत, अ‍ॅझिथ्रोमायसिन त्याची प्रोटीन बनवायची यंत्रणा अडवतं. व्हायरसला भिंतच नाही आणि यंत्रणा तो आपल्या पेशीची वापरतो, म्हणजे गोळीला पकडायलाच काही नाही. सर्दी करणारे व्हायरस दोनशेच्या वर आहेत आणि त्यातल्या एकावरही अ‍ॅझिथ्रोमायसिन चालत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा हजारपट चांगलं माहितीये. मग लिहिता का?

उत्तर मला माहितीये, तुम्ही म्हणणार पेशंटच मागतात. मागतात की, मी कुठे नाही म्हणतेय. दोन दिवसांत ऑफिसला जायचंय, पोराची परीक्षा आहे, "काहीतरी स्ट्राँग द्या" असं म्हणणारे आम्हीच. पण यावर अभ्यास झालेत आणि ते वाचून मला गंमत वाटली. मुलांच्या डॉक्टरांवर केलेल्या एका जुन्या अभ्यासात दिसलं की व्हायरल आजारात अँटिबायोटिक लिहिलं जातं ते आईबापांना खरंच हवं असतं म्हणून नव्हे, त्यांना हवं असेल असं डॉक्टरला वाटतं म्हणून. आणि आईबापांचं समाधान औषधावर नाही तर डॉक्टर किती नीट बोलले त्यावर ठरत होतं. म्हणजे आम्ही मागितलंच नाही, तुम्ही अंदाज बांधला, आणि आम्ही समजलो की गरज असल्याशिवाय डॉक्टर कशाला देतील! दोघंही एकमेकांचं मन राखत बसलोय आणि फुकटात पोटातले चांगले जंतू मरतायत.

२०१४ चे आणखी दोन अभ्यास आहेत, दोन्ही अमेरिकेतले. एकात दिसलं की ओपीडीचे तास जसजसे सरतात तसतसं अनावश्यक अँटिबायोटिक लिहिण्याचं प्रमाण वाढत जातं, कारण नाही म्हणायला डोकं चालवावं लागतं आणि शेवटच्या तासाला डोकं शिणलेलं असतं. हे वाचल्यापासून जमेल तेवढं मी सकाळचा पहिला नंबर घेते, हसू नका. दुसरा अभ्यास जास्त कामाचा आहे. काही डॉक्टरांनी तपासणीच्या खोलीत एक पत्रक लावलं, स्वतःचा फोटो आणि सही असलेलं, की अँटिबायोटिक गरज असेल तरच देईन आणि का ते समजावून सांगेन. बास, एवढंच. ज्यांनी लावलं नव्हतं त्यांच्या तुलनेत यांचं अनावश्यक अँटिबायोटिकचं प्रमाण जवळजवळ २० पर्सेंटेज पॉइंटने खाली आलं. कागद, सही आणि फोटो! याहून सोपा उपाय कुठल्या आजारावर असेल मला माहीत नाही. तुमच्या भिंतीवर डिग्र्या आहेत, देवाचा फोटो आहे, कंपनीचं कॅलेंडर आहे, हेही मावेल.

आता "किती दिवस" हा मुद्दा. सर्दीनंतरचा खोकला किती दिवस टिकतो असं लोकांना विचारलं तर आठवडाभर, फार तर नऊ दिवस असं सांगतात. प्रत्यक्षात सरासरी अठराच्या आसपास दिवस टिकतो. हा जो मधला फरक आहे ना, सगळी गडबड तिथे होते. आम्ही आठव्या दिवशी घाबरून परत येतो, तुम्ही अँटिबायोटिक लिहिता, बाराव्या-तेराव्या दिवशी खोकला आपसूक उतरणीला लागलेला असतो, आणि श्रेय गोळीला जातं, मग पुढच्या वेळी आम्ही पहिल्याच दिवशी तीच गोळी मागतो. पहिल्या भेटीतच "खोकला तीन आठवडे राहू शकतो, दम लागला किंवा ताप उतरून परत चढला तर मात्र लगेच या" एवढं सांगितलंत तर आठव्या दिवशीची चक्कर वाचेल की नाही? आणि हो, शेंबूड हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन वाढलं हा समज आमच्या घराघरात पक्का बसलाय. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइमचा असतो, व्हायरल सर्दीतही येतो. हे मला वाचून कळलं, इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरांनी सांगितलं नाही.

खात्री नसेल तर तारीख घालून प्रिस्क्रिप्शन द्या की! "हे आज आणू नका, तीन दिवसांत उतार नाही पडला तरच आणा." काही देशांत डॉक्टर असं मुद्दाम करतात आणि बरेच पेशंट ते औषध आणतच नाहीत. आमच्या हातात कागद असला की जीव थंड राहतो, गोळी पोटात गेलीच पाहिजे असं नाही.

पण याचं दुसरं टोकही मला दिसतंय, आणि तेही न सांगण्यातूनच आलंय. अँटिबायोटिक वाईट, एवढंच कुठेतरी वाचलेले लोक आता गरज असतानाही घेत नाहीत. घशाचंच बघा. बहुतेक घसे व्हायरसचे, पण मुलांमधले साधारण चारातले एक स्ट्रेप्टोकोकस या बॅक्टेरियाचे असतात, आणि तो अर्धवट सोडला तर काही मुलांना पुढे रुमॅटिक फीवर होऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. तिथे साधं जुनं पेनिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन दहा दिवस घेणं हा खरा इलाज आहे, आणि मूल तिसऱ्या दिवशी उड्या मारायला लागतं म्हणून आई औषध बंद करते, कारण दहा दिवस घशासाठी नाही हृदयासाठी आहेत हे तिला कुणी बोललंच नाही. एक वाक्य डॉक्टर. एका वाक्याचं काम आहे.

कोर्स पूर्ण करा, कोर्स पूर्ण करा हे मात्र सगळे सांगतात, आणि त्यातही आता घोळ आहे. साध्या न्यूमोनियाला पूर्वी आठ-दहा दिवस द्यायचे, आता बऱ्याच जणांना पाच दिवस पुरतात असं दिसून आलंय, लघवीच्या साध्या इन्फेक्शनला त्याहून कमीही चालतात. जेवढे दिवस जास्त तेवढे शरीरातले बाकीचे जंतू त्या औषधाला सरावणार, म्हणून विनाकारण लांबवण्यात काही शहाणपण नाही. उलट टीबीमध्ये सहा महिने म्हणजे सहा महिने, कारण तो जंतू फार सावकाश वाढतो आणि काही जंतू नुसते झोपून राहतात. नेहमीच्या टीबीला पहिले दोन महिने चार औषधं एकदम देतात ती हौस म्हणून नाही. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं तेव्हा ते एकटंच देऊन बघितलं, पेशंट आधी झकास सुधारले आणि मग अनेकांच्या अंगातले जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले, तेव्हापासून एकटं औषध द्यायचं नाही हे ठरलं. ही गोष्ट टीबीच्या पेशंटला सांगितली तर दुसऱ्या महिन्यात वजन वाढून भूक लागायला लागल्यावर गोळ्या सोडायचा मोह होतो ना, तो कमी होईल असं मला मनापासून वाटतं. नुसतं "सोडू नका हं" याला वजन येत नाही.

पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी तर १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणातच बजावून ठेवलं होतं की कमी डोस घेऊन लोक जंतूंना औषधाची सवय लावतील. त्यानंतर आपण काय केलं? २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या बॅक्टेरियामुळे जगात १२ लाख ७० हजार माणसं गेली असा अंदाज आहे. डब्ल्यूएचओने २०१७ पासून अँटिबायोटिकचे तीन गट पाडलेत, अ‍ॅक्सेस म्हणजे आधी वापरायची, वॉच म्हणजे जपून, रिझर्व्ह म्हणजे दुसरं काही चालेना तेव्हाच. अ‍ॅमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे. तुमचं ते तीन दिवसांचं अ‍ॅझिथ्रोमायसिन दुसऱ्या गटात, जपून वापरायच्या! आणि ते आम्ही नाक गळतंय म्हणून घेतोय. टायफॉइडमध्ये बाकीची बरीच औषधं निकामी होत चालली असताना जी मोजकी गोळी स्वरूपात उरलीयेत त्यात हेच अ‍ॅझिथ्रोमायसिन आहे, ते असं सर्दीवर उधळायचं का?

टायफॉइडचं निघालंच आहे तर, तापाच्या तिसऱ्या दिवशी विडाल ही टायफॉइडची रक्ताची टेस्ट करून "थोडा टायफॉइड आहे" असं सांगणं बंद करा प्लीज. थोडा टायफॉइड असं काही नसतं. ती टेस्ट जुन्या इन्फेक्शनमुळे किंवा दुसऱ्याच तापामुळेही पॉझिटिव्ह येते. संशय असेल तर पहिला डोस द्यायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची टेस्ट, पाठवा, दोनचार दिवस लागतील, आणि ते का लागतील हेही सांगा.

अ‍ॅलर्जीचाही एक प्रकार फार आहे. लहानपणी कधीतरी अ‍ॅमॉक्सिसिलिन घेताना अंगावर पुरळ आलं, कागदावर पेनिसिलिन अ‍ॅलर्जी असं लिहिलं गेलं आणि ते जन्माला चिकटलं. लहान मुलांना व्हायरल तापातही पुरळ येतं, ते औषधाचं की व्हायरसचं हे कुणी बघायला गेलंच नाही. नीट तपासलं तर अशा अ‍ॅलर्जीवाल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना पेनिसिलिन चालतं असं निघतं. पण तो शिक्का असल्यामुळे आयुष्यभर त्यांना वरच्या गटातली, जास्त त्रासाची औषधं मिळत राहतात. ज्यांना खरोखर घसा सुजला, दम लागला, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी स्वतः प्रयोग करायचा नाही. पण बाकीच्यांना तुम्ही एकदा बसवून विचारा ना की नक्की काय झालं होतं, किती तासांनी झालं, कितव्या वर्षी झालं, आणि गरज असेल तर टेस्टला पाठवा.

आता जुलाब. माझ्या मते सगळ्यात वाया जाणारं औषध कुठलं असेल तर ओआरएस, कारण ते फुकटात लिहिता आणि काही न बोलता लिहिता. आम्हाला वाटतं ओआरएसने जुलाब थांबतात. चार वेळा पाजलं, संडास चालूच, म्हणजे हे फेल, आता दुसरं काहीतरी स्ट्राँग हवं! ते जुलाब थांबवायला नसतंच, अंगातून गेलेलं पाणी आणि मीठ परत भरायला असतं, हे सांगितल्याशिवाय कळणार कसं? आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत ओढले जातात आणि त्यांच्या मागे पाणी जातं, ही वाट जुलाबातही उघडी राहते, म्हणून साखर आणि मीठ दोन्ही मापात हवं. त्यामुळे एक लिटरचं पुडकं ग्लासभर पाण्यात थोडं थोडं टाकून देणं चुकीचं, ते अख्खं पुडकं अख्ख्या लिटरमध्येच गेलं पाहिजे, नाहीतर मीठ जास्त होतं आणि बाळाला उलट त्रास होतो. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्या-चमच्याने परत सुरू करायचं. झिंक दहा ते चौदा दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. अँटिबायोटिक संडासात रक्त असेल, कॉलरा असेल अशा वेळी, एरवी नाही.

डॉ. दिलीप महालनबीस हे नाव तुम्ही शिकताना ऐकलं असेल. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, माणसं जमिनीवर पडलेली, नर्सा अपुऱ्या. त्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात मिसळलं आणि पाजायचं काम पेशंटच्या नातेवाईकांच्या हातात दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. मला यात त्या पाण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं ते नातेवाईकांना कामाला लावणं. छावणीतल्या थकलेल्या माणसांना जर काय, किती, कधी पाजायचं हे समजावता आलं तर तुमच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसलेल्या बाईला का नाही येणार?

खरजेचं तर बोलूच नका. पर्मेथ्रिनची ट्यूब लिहून देता, "रात्री लावा" म्हणता. आम्ही जिथे खाजतंय तिथे लावतो, ज्याला खाजतंय त्यालाच लावतो, आणि महिनाभर पुढे-मागे तेच. खरं तर मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, बेंबीत, सगळीकडे लावून आठ ते चौदा तास ठेवायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, ज्यांना खाजत नाहीये त्यांनीही, साधारण आठवड्याने परत एकदा, आणि चादरी-कपडे गरम पाण्यात. खरजेचे बारीक किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते कारण ती त्यांच्या उरलेल्या अवशेषांवरची रिअ‍ॅक्शन असते. हे शेवटचं न कळल्यामुळे लोक औषध बदलतात, डॉक्टर बदलतात, आणि शेवटी कुणीतरी दिलेलं स्टिरॉइडचं मलम लावत बसतात.

डेंग्यूत उलट आहे, तिथे मुळात व्हायरसवरचं औषधच नाही आणि तेच सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पॅरासिटामॉल चालेल, आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नको कारण रक्तस्राव वाढतो. आणि सगळ्यात उलटं वाटणारी गोष्ट म्हणजे धोका ताप चढलेला असताना कमी आणि ताप उतरतो त्या एकदोन दिवसांत जास्त. आम्ही तर ताप उतरला की सुटलो म्हणून कामाला लागतो! पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, माणूस एकदम गळून जाणं, यातलं काही दिसलं तर प्लेटलेटचा आकडा कितीही असो, लगेच यायचं. हे कागदावर छापून ठेवा आणि प्रत्येकाच्या हातात द्या, बोलायला वेळ नसेल तर.

फ्लूची गोळी पहिल्या दोन दिवसांत सुरू केली तरच खरा फायदा, आणि ती सगळ्यांना लागत नाही, म्हातारी माणसं, गरोदर बायका, दमेकरी यांना लागते. म्हणून अशांना "ताप आला तर वाट बघू नका" हे आधीच सांगून ठेवायचं असतं.

आता लसींकडे येते, कारण तिथे तुमचं न बोलणं जास्त महागात पडतंय.

घाबरलेली आई जेव्हा विचारते की लसीने काही होणार नाही ना, तेव्हा बऱ्याचदा तिला दोनपैकी एक उत्तर मिळतं, "काही होत नाही" किंवा "मोबाइलवर वाचून येऊ नका". दोन्ही चूक. काही होत नाही म्हणावं तर रात्री बाळाला ताप येतो, मांडी सुजते, तासभर रडतं, आणि आईचा तुमच्यावरचा विश्वास तिथेच उडतो. त्याऐवजी आधीच सांगा की आज रात्री ताप येऊ शकतो, एकदोन दिवस राहील, ही शरीर शिकत असल्याची खूण आहे, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे इतकं. गोवराच्या लसीचा ताप तर दुसऱ्या आठवड्यात येतो, तोवर लस टोचल्याचं लोक विसरलेले असतात. बीसीजीचं, म्हणजे टीबीच्या लसीचं, सगळ्यात मजेशीर. टोचल्यावर काहीच दिसत नाही, आणि दोनेक आठवड्यांनी नाहीतर महिन्याभराने दंडावर पुळी येते, ती फुटते, पाणी येतं, खपली धरते. आईला वाटतं इन्फेक्शन झालं, मग त्यावर हळद, पावडर, मलम काय काय लावलं जातं. हे होणारच आहे, काही लावायचं नाही, आपोआप सुकून व्रण राहील, हे त्याच दिवशी सांगायला किती सेकंद लागतात?

गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने मुलाला ऑटिझम होतो का, असा प्रश्न आला तर चिडू नका, उत्तर तुमच्याकडे भक्कम आहे. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने फक्त बारा मुलांवरून ते पिल्लू सोडलं, २०१० मध्ये तो पेपर मासिकाने मागे घेतला आणि त्याचं डॉक्टर म्हणून रजिस्ट्रेशनही गेलं. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास आला, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचा फरक नाही. हे शांतपणे सांगितलं तर निम्म्या आया तिथेच हात पुढे करतील, आणि ज्या करणार नाहीत त्या निदान पुढच्या वेळी परत तुमच्याकडेच विचारायला येतील, जे झापल्यावर कधीच होत नाही.

गोवर म्हणजे किरकोळ, अंगावर आला आणि गेला, असं समजणारे आजही आहेत. एक गोवरवाला माणूस लस न घेतलेल्या घोळक्यात बारा ते अठरा जणांना देऊ शकतो, तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तास व्हायरस हवेत राहतो. आणि शरीराने आधीच्या आजारांतून कमावलेली प्रतिकाराची आठवण गोवर बऱ्याच प्रमाणात पुसून टाकतो, हे २०१९ मध्ये नीट सिद्ध झालं, म्हणजे गोवर बरा झाल्यावरही ते मूल पुढचे कितीतरी महिने बाकीच्या रोगांपुढे उघडं पडतं. एका डोसने साधारण ९३ टक्के आणि दोन डोसांनी ९७ टक्के संरक्षण मिळतं, म्हणून दुसरा डोस, आणि शंभरातल्या पंच्याण्णव जणांनी घेतला तरच साथ अडते. "दुसरा कशाला, एक झालाय ना" या प्रश्नाला हे उत्तर आहे, ते कुणी देत नाही, म्हणून दुसरा डोस राहतो. १९७४ मध्ये जगभर लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला त्याच्या पन्नास वर्षांत १५ कोटी ४० लाख जीव वाचले असा हिशोब निघाला, त्यातला सगळ्यात मोठा वाटा एकट्या गोवराच्या लसीचा.

आणि लस व अँटिबायोटिक हे दोन वेगळे विषय आहेत असं तुम्हीही वागता, ते मला पटत नाही. न्यूमोनिया आणि कानाचं इन्फेक्शन करणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूची लस घेतलेल्या मुलांचे कान कमी फुटतात, म्हणजे तेवढी अँटिबायोटिक वाचली. फ्लूची लस घेतलेला माणूस खोकत तुमच्याकडे येणारच नाही किंवा कमी येईल. टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस सहा महिन्यांच्या बाळालाही एकच डोस देता येते. जंतू औषधाला दाद देईनासा झाला तरी लसीपुढे त्याचं ते शहाणपण चालत नाही.

मोठ्या माणसांचं तर कुणी विचारतच नाही. बाळाचं कार्ड फाइलमध्ये जपून असतं आणि बाळाच्या आजोबांनी धनुर्वाताचा डोस शेवटचा कधी घेतला ते आजोबांनाही आठवत नाही. धनुर्वातात बाकीच्यांनी लस घेऊन तुमचं संरक्षण होत नाही, तो माणसाकडून येतच नाही, मातीतून येतो, आपली लस आपल्यालाच वाचवते, आणि दर दहा वर्षांनी बूस्टर लागतो. साठी ओलांडलेल्यांना फ्लू आणि न्यूमोकोकस, हेपटायटिस बी चे राहिलेले डोस, घरातल्या मुलींसाठी एचपीव्ही जिच्यामुळे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर टळतो. बीपी मोजता मोजता एकदा विचारा, "लसी झाल्यात का?" आम्ही स्वतःहून विचारत नाही कारण लस म्हणजे लहान पोरांची गोष्ट असंच डोक्यात बसलंय.

तर मागणं एवढंच. कागदावर औषधांच्या नावाखाली दोन ओळी लिहा, वाटलं तर रबरी शिक्काच करून घ्या : कशावर आहे, किती दिवस त्रास राहील, कशाला घाबरून परत यायचं. गर्दी असते हे कळतं. पण एका आजारासाठी तीनदा येणारा माणूस एकदाच आला तर गर्दी आपोआप थोडी कमी होईल की.

तुमच्या बाहेरच्या बाकावर बसणारी,
एक पेशंट, आणि अनेक पेशंटांची नातेवाईक

ता.क. ज्यांच्याकडे लस टोचून मिळते त्यांच्यासाठी : बऱ्याच लसींच्या कुपीवर एक गोल आणि त्याच्या आत फिकट चौकोन असतो, कुपीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो, आणि तो बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की ती कुपी वापरायची नसते. टोचण्याआधी तो आईला दाखवा. गोठलेलं मात्र त्यावर कळत नाही, आणि काही लसी गोठल्या तरी वाया जातात, तेव्हा फ्रीज दोन ते आठ डिग्रीत आहे ना हे सकाळ-संध्याकाळ लिहिलेला तक्ता असेल तर तोही दिसेल असा लावा, विचारल्यावर आधी रागावू नका.